पोस्टग्रेसक्यूएल : दोषनिवारण व विकास

संगणकात साठविलेल्या माहितीची तक्त्यांच्या रूपात मांडणी करणारी, ती टिकवून ठेवणारी व मागणीनुसार शोधून देणारी एक मुक्त-स्रोत डेटाबेस प्रणाली. जिच्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता, बदलता व वितरित करता येते, अशा प्रणालीला मुक्त-स्रोत म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएलची संहिता मुख्यतः सी या संगणकीय भाषेत लिहिलेली असून तिच्यावर कोणत्याही एका कंपनीचे नियंत्रण नाही. निरनिराळ्या देशांतील अभियंते, काही स्वेच्छेने तर काही आपापल्या कंपन्यांच्या वतीने, तिच्यावर काम करतात.

या कामाचे दोन प्रवाह आहेत. वापरात असलेल्या आवृत्त्यांतील दोष दूर करणे हा पहिला व पुढील आवृत्तीसाठी नवी वैशिष्ट्ये तयार करणे हा दुसरा होय. हे दोन प्रवाह कटाक्षाने अलग ठेवले जातात. डेटाबेसमध्ये कालची माहिती उद्या जशीच्या तशी मिळणे हे सर्वांत महत्त्वाचे असल्याने नव्या सोयीच्या हव्यासापायी जुन्या नोंदी धोक्यात येऊ नयेत, हे या विभागणीमागील तत्त्व आहे. प्रस्तुत लेखात दोषनिवारणाची पद्धत, काही उल्लेखनीय दोष आणि त्यांतून घडून आलेल्या सुधारणा यांचे विवेचन केले आहे.

इतिहास : माहितीची मांडणी परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपात करावी, ही कल्पना एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० साली आयबीएम कंपनीत असताना मांडली. तिच्या आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात मायकेल स्टोनब्रेकर (१९४३– ) व यूजीन वाँग यांनी १९७०–८० या दशकात ‘इंग्रेस’ ही प्रणाली तयार केली. स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली तिच्या पुढची प्रणाली हाती घेतली व ‘इंग्रेसनंतरची’ या अर्थाने तिला ‘पोस्टग्रेस’ हे नाव दिले. तिची पहिली आवृत्ती जून १९८९ मध्ये विद्यापीठाबाहेरील मोजक्या लोकांना देण्यात आली. डेटाबेस क्षेत्रातील कार्याबद्दल स्टोनब्रेकर यांना २०१४ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

बर्कली येथील हा प्रकल्प ४.२ या आवृत्तीनंतर अधिकृतपणे थांबविण्यात आला. १९९३ मध्ये बाहेरील वापरकर्त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती आणि दुरुस्ती व साहाय्य यांतच संशोधकांचा बराच वेळ खर्ची पडू लागला होता. प्रणाली जितकी उपयुक्त तितका तिच्या देखभालीचा भार अधिक, हा अनुभव येथे प्रथम आला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू व जॉली चेन यांनी तिच्यात एसक्यूएल या प्रश्नभाषेची सोय केली. ‘पोस्टग्रेस ९५’ या नावाने प्रसृत झालेल्या या रूपात संहितेचा आकार सुमारे एक-चतुर्थांशाने घटविण्यात आला होता व असलेले दोष ओळखून समजून घेण्यावर भर होता. १९९६ मध्ये ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हे नाव स्वीकारण्यात आले व पुढील वर्षाच्या आरंभी ६.० ही आवृत्ती निघाली. तेव्हापासून विकासाची जबाबदारी जगभर विखुरलेल्या गटाकडे आहे.

आवृत्त्या : दरवर्षी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक प्रमुख आवृत्ती प्रसिद्ध होते. १०व्या आवृत्तीपासून (२०१७) प्रमुख आवृत्तीस एकच पूर्णांक देण्याची प्रथा आहे, तत्पूर्वी ९.४, ९.५ असे दोन अंक मिळून प्रमुख आवृत्ती होत असे. १८वी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये निघाली. प्रमुख आवृत्तीत नवी वैशिष्ट्ये येतात व तबकडीवरील माहितीची अंतर्गत मांडणीही बदलू शकते. त्यामुळे एका प्रमुख आवृत्तीवरून दुसरीवर जाताना माहितीचे स्थलांतर करावे लागते.

प्रत्येक प्रमुख आवृत्तीसाठी पाच वर्षे दुरुस्ती आवृत्त्या काढल्या जातात. त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांत ठराविक वेळी निघतात. गंभीर दोष आढळल्यास मधेच जादा आवृत्ती काढतात. १७.१, १७.२ यांतील बिंदूनंतरचा अंक दुरुस्तीचा अनुक्रम दाखवितो. दुरुस्ती आवृत्तीत नवे वैशिष्ट्य घालण्यास मनाई आहे. माहितीची मांडणी तीच राहत असल्यामुळे जुनी आज्ञावली काढून नवी बसविणे व सर्व्हर पुन्हा सुरू करणे एवढेच सामान्यतः करावे लागते. म्हणूनच दुरुस्ती आवृत्ती न बसविण्यातील धोका ती बसविण्यातील धोक्यापेक्षा मोठा मानला जातो.

दोषांचे प्रकार : दोषांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात सर्व्हर अकस्मात बंद पाडणारे दोष येतात. ते तात्काळ लक्षात येतात व पुन्हा सुरू झाल्यावर प्रणाली बहुधा स्वतःला सावरते. दुसऱ्या वर्गात प्रश्नाचे उत्तर चुकीचे देणारे, तर तिसऱ्यात अनधिकृत व्यक्तीस माहितीपर्यंत पोहोचू देणारे दोष मोडतात. साठविलेली माहितीच बिघडविणारे दोष चौथ्या वर्गातील असून ते सर्वांत घातक होत. असा बिघाड कित्येक महिने निदर्शनास येत नाही. दरम्यानच्या काळात घेतलेल्या राखीव प्रतींतही तो उतरतो आणि निर्दोष प्रत शिल्लक राहिलेली नसते.

असा मूक बिघाड उघड करण्यासाठी काही साधने प्रणालीतच समाविष्ट करण्यात आली आहेत. माहिती सामान्यतः आठ किलोबाइटच्या पृष्ठांत साठविली जाते. प्रत्येक पृष्ठावरील मजकुरावरून काढलेली पडताळा संख्या त्या पृष्ठाबरोबर नोंदवून ठेवण्याची सोय ९.३ आवृत्तीत (२०१३) आली. पृष्ठ वाचताना संख्या जुळली नाही, तर तबकडीवर काहीतरी बिघडले आहे हे कळते. आरंभी ऐच्छिक असलेली ही सोय १८व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेससाठी आपोआप लागू होते. सूचीची अंतर्गत सुसंगती तपासणारे साधन १०व्या आवृत्तीत आले.

दोषनिवारणाची पद्धत : दोषाची सूचना आल्यावर प्रथम तो पुन्हा घडवून आणता येतो का हे पाहतात; कारण जो दोष हवा तेव्हा घडवून आणता येत नाही तो नाहीसा झाल्याची खात्रीही देता येत नाही. कारण सापडल्यावर बदलाचा मसुदा म्हणजे पॅच तयार केला जातो व तो इतर अभियंत्यांच्या परीक्षणासाठी जाहीरपणे मांडला जातो. मूळ संहितेत बदल करण्याचा अधिकार फक्त सुमारे तीस अनुभवी अभियंत्यांना आहे. त्यांना कमिटर म्हणतात. कमिटरने मान्य केलेली दुरुस्ती विकासाधीन आवृत्तीत व ज्या ज्या चालू आवृत्त्यांत तो दोष आहे त्या सर्वांत स्वतंत्रपणे घातली जाते. आवृत्त्यांमधील संहिता भिन्न असल्याने एकाच दुरुस्तीची चार-पाच रूपे तयार करावी लागणे हे नित्याचे आहे.

संहितेसोबत चाचण्यांचा मोठा संच ठेवलेला असतो. त्यात ठराविक आज्ञा देऊन मिळालेली उत्तरे अपेक्षित उत्तरांशी ताडून पाहतात. एखादा दोष दूर केल्यावर तो पुन्हा शिरू नये म्हणून त्याची चाचणी पुष्कळदा या संचात कायमची जोडली जाते. २००४ पासून ‘बिल्डफार्म’ या नावाची व्यवस्था चालू आहे. तीत स्वयंसेवकांनी उपलब्ध केलेली, भिन्न प्रक्रियक व भिन्न परिचालन प्रणाली असलेली अनेक यंत्रे प्रत्येक बदलानंतर संहिता बांधून चाचण्या घेतात व निकाल जाहीर करतात.

नव्या वैशिष्ट्यांसाठी निराळी पद्धत आहे. साधारणतः जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी व मार्च या महिन्यांत ‘कमिटफेस्ट’ भरविले जाते. त्या महिन्यात नवे लेखन थांबवून साचलेल्या मसुद्यांचे परीक्षण करावयाचे असते. ज्याने स्वतःचा मसुदा दिला आहे त्याने दुसऱ्याचाही मसुदा तपासावा, अशी अपेक्षा असते. एप्रिलमध्ये नवी वैशिष्ट्ये घेणे बंद होते व त्यानंतर प्रायोगिक आवृत्त्या काढून वापरकर्त्यांकडून चाचणी करवून घेतात.

तबकडीवरील लेखनाचा दोष : काही दोष संहितेतील ओळीत नसून तिच्यामागील गृहीतात असतात. याचे प्रसिद्ध उदाहरण २०१८ मध्ये उजेडात आले. कोणताही बदल मूळ तक्त्यात लिहिण्यापूर्वी पोस्टग्रेसक्यूएल तो एका पूर्वनोंदवहीत उतरविते. वीज गेली किंवा यंत्र बंद पडले, तर या वहीच्या आधारे अपुरे राहिलेले बदल पुन्हा केले जातात. ठराविक कालावधीनंतर तक्त्यांतील सर्व बदल तबकडीवर पोहोचल्याची खात्री करून घेतात व मग वहीचा तेवढा भाग निकामी समजला जातो. ही खात्री परिचालन प्रणालीकडून ‘एफसिंक’ या आज्ञेने मिळते.

एफसिंक अयशस्वी झाल्यास ती पुन्हा द्यावी व दुसऱ्या वेळी यश आले म्हणजे माहिती तबकडीवर गेली असे समजावे, असे गृहीत संहितेत अनेक वर्षे होते. तथापि लिनक्स परिचालन प्रणालीत लेखन अयशस्वी झालेले पृष्ठही ‘लिहून झाले’ असे चिन्हांकित केले जाऊ शकते, हे निदर्शनास आले. तसे झाल्यास दुसरी एफसिंक यशस्वी होते. पण ते पृष्ठ तबकडीवर कधीच गेलेले नसते. यशाचा संदेश मिळाल्याने वहीचा संबंधित भागही टाकून दिला जातो व बदल कायमचा नाहीसा होतो.

यावरील दुरुस्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ व त्या वेळी चालू असलेल्या इतर आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांत देण्यात आली. तीनुसार एफसिंक अयशस्वी होताच सर्व्हर पुन्हा प्रयत्न न करता स्वतःहून थांबतो व पूर्वनोंदवहीवरून सर्व बदल नव्याने करतो. सेवेत क्षणिक खंड पडला तरी चालेल, पण न लिहिलेले लिहिले म्हणून सांगितले जाऊ नये, हा निर्णय या प्रणालीच्या वृत्तीचा निदर्शक आहे. इतर काही डेटाबेस प्रणालींनीही यानंतर अशीच पद्धत स्वीकारली.

व्यवहार क्रमांकांचा प्रश्न : पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नोंद बदलली असता जुनी प्रत लगेच पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी प्रत लिहिली जाते. त्यामुळे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. कोणती प्रत कोणाला दिसावी हे प्रत्येक प्रतीवर नोंदलेल्या व्यवहार क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक ३२ अंकी द्विमान संख्या असल्याने सुमारे ४२९ कोटी क्रमांक उपलब्ध होतात. ते वर्तुळाकार फिरविले जात असल्यामुळे कोणत्याही क्षणी त्यांपैकी निम्मे भूतकाळातील व निम्मे भविष्यातील मानले जातात. एखादी नोंद सुमारे २१५ कोटी व्यवहारांपेक्षा जुनी झाली, तर ती ‘भविष्यातील’ ठरून अदृश्य होईल. सेकंदाला एक हजार लेखनव्यवहार होत असल्यास ही मर्यादा सुमारे २५ दिवसांत गाठली जाते.

हे टाळण्यासाठी ‘व्हॅक्यूम’ ही प्रक्रिया निरुपयोगी प्रती काढून टाकते व जुन्या नोंदींवर त्या सर्वकाळ दृश्य असल्याची खूण करते. या खुणेस गोठविणे म्हणतात. डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्ती आवृत्त्यांनी या प्रक्रियेतील एक गंभीर दोष दूर केला. काही परिस्थितीत तक्त्याचा सर्व भाग तपासला नसतानाही तो तपासला गेल्याची नोंद व्हॅक्यूम करीत असे; त्यामुळे काही नोंदी गोठविण्यावाचून राहून पुढे अदृश्य होण्याचा संभव होता. अशी हानी होण्याची शक्यता कमी होती, पण शून्य नव्हती. दुरुस्ती बसविल्यानंतर सर्व तक्त्यांवर पूर्ण व्हॅक्यूम करावा, अशी सूचना त्या वेळी देण्यात आली. आज्ञावलीतील दोष दूर केल्याने आधीच चुकलेली नोंद आपोआप सुधारत नाही, ही बाब यावरून ध्यानात येते.

या प्रक्रियेत टप्प्याटप्प्याने पुष्कळ सुधारणाही झाल्या आहेत. व्हॅक्यूम आपोआप चालविण्याची सोय ८.१ मध्ये (२००५) मूळ सर्व्हरात आली व ८.३ पासून (२००८) ती नेहमीसाठी चालू ठेवण्यात आली. ९.६ मध्ये (२०१६) पूर्णपणे गोठविलेली पृष्ठे वगळण्याची युक्ती योजण्यात आली. त्यामुळे मोठ्या व न बदलणाऱ्या तक्त्यांचे वारंवार वाचन टळले. १४व्या आवृत्तीपासून (२०२१) क्रमांक संपत आल्यास व्हॅक्यूम इतर कामे बाजूस सारून गोठविण्याचे काम आधी उरकते. १७व्या आवृत्तीत (२०२४) निरुपयोगी प्रतींची यादी ठेवण्याची नवी रचना आली असून तीमुळे व्हॅक्यूमला लागणारी स्मृती विसाव्या हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकते. मूळ ३२ अंकी क्रमांकाची मर्यादा मात्र अद्याप कायम आहे.

सुधारणेतून उद्भवलेला दोष : सुधारणा स्वतःच दोषाचे कारण होऊ शकते. तक्त्यातील नोंदी त्वरित सापडाव्यात म्हणून ग्रंथाच्या शेवटी असते तशी सूची तयार करतात. तक्त्यात लेखन चालू असतानाच सूची बांधण्याची सोय पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आहे. मोठी सूची बांधण्यास वेळ लागतो व त्या अवधीत व्हॅक्यूमला जुन्या प्रती काढता येत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी १४व्या आवृत्तीत अशा बांधणीकडे व्हॅक्यूमने दुर्लक्ष करावे असे ठरविण्यात आले. परंतु त्यामुळे बांधणीस आवश्यक असलेल्या प्रतीही मधेच काढल्या जाऊन काही नोंदी सूचीत येत नाहीत, असे आढळून आले. अशा वेळी नोंद तक्त्यात असूनही सूचीमार्फत शोधणाऱ्यास ती मिळत नाही.

जून २०२२ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर १४.४ ही आवृत्ती काढून ती सुधारणा पूर्णपणे मागे घेण्यात आली. तिच्यावर नवी मलमपट्टी करण्यापेक्षा पूर्वीची संथ पण विश्वसनीय पद्धत परत आणणे श्रेयस्कर मानले गेले. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांवर अशा रीतीने बांधलेल्या सूची तपासून संशयास्पद असल्यास नव्याने बांधाव्यात, असेही कळविण्यात आले.

दुरुस्तीतून उद्भवलेले दोष : दुरुस्तीमुळेही नवा दोष निर्माण होण्याची उदाहरणे आहेत. मे २०१५ मधील दुरुस्ती आवृत्त्यांत (९.४.२ इ.) अपघातानंतर सुरू होताना माहितीच्या निर्देशिकेतील सर्व फायली तबकडीवर पक्क्या करण्याची खबरदारी घेण्यात आली. परंतु एखाद्या निरुपद्रवी फायलीवर लेखनाची परवानगी नसली, तरी सर्व्हर सुरू होण्याचेच नाकारू लागला. सुमारे दोन आठवड्यांनी ९.४.३ व तत्सम आवृत्त्यांद्वारे हे सुधारण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षाविषयक दुरुस्ती असलेली १७.१ ही आवृत्ती निघाल्यावर एका आठवड्यातच १७.२ काढावी लागली. त्या दुरुस्तीमुळे वापरकर्त्याची भूमिका ठरविणारी एक मांडणी लागू होईनाशी झाली होती; शिवाय एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्याने बाहेरून जोडलेल्या काही पुरवणी आज्ञावल्या नव्याने बांधल्याखेरीज चालण्याचा भरवसा राहिला नव्हता. दोषनिवारणातील प्रत्येक ओळ लहान ठेवावी, तिच्यासोबत अन्य कोणतीही सुधारणा करू नये, हा नियम अशा अनुभवांतून दृढ झाला आहे.

वर्णक्रम व सूची : प्रणालीबाहेरील बदलामुळेही माहितीचा साठा सदोष होऊ शकतो. शब्दांचा क्रम ठरविण्यासाठी पोस्टग्रेसक्यूएल प्रायः परिचालन प्रणालीतील ग्रंथिकेवर अवलंबून असते. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील जीलिब्सी या ग्रंथिकेच्या २.२८ आवृत्तीत अनेक भाषांचे वर्णक्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने रचलेली सूची नव्या क्रमाने शोधू लागल्यास असलेली नोंद सापडत नाही किंवा एकमेव असावयास हवी ती नोंद दोनदा स्वीकारली जाते. अशा वेळी सूची नव्याने बांधणे हाच उपाय असतो.

हा प्रश्न मराठीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष व ज्ञ ही अक्षरे ह नंतर येतात. परंतु यूनिकोड संकेतांकांच्या क्रमात ळ हा ल व व यांच्या दरम्यान असून क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे अनुक्रमे क व ज यांच्याखाली पडतात. त्यामुळे मराठी नावांची यादी कोणत्या नियमाने लावली आहे, हे डेटाबेसमध्ये स्पष्टपणे ठरवून द्यावे लागते. १०व्या आवृत्तीपासून आयसीयू या स्वतंत्र ग्रंथिकेच्या वर्णक्रमांचा वापर करता येतो. वर्णक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवून ती बदलल्यास इशारा देण्याची सोय पुढील काही आवृत्त्यांत वाढविण्यात आली. १७व्या आवृत्तीत प्रणालीचा स्वतःचा, बाहेरील ग्रंथिकेवर अवलंबून नसलेला क्रमही उपलब्ध झाला; पण तो संकेतांकांनुसार असल्याने मराठी कोशक्रमासाठी पुरेसा नाही.

भारतातील कार्य : भारत सरकारने २०१५ साली शासकीय संगणक प्रणालींत मुक्त-स्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासात भारतीय अभियंत्यांचा लक्षणीय वाटा आहे. एंटरप्राइझडीबी या कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांनी विभाजित तक्त्यांची जोडणी व एकत्रीकरण विभागशः करण्याच्या पद्धतीवर महत्त्वाचे काम केले असून ते ११व्या आवृत्तीत (२०१८) समाविष्ट आहे.

मर्यादा : मुक्त-स्रोत असल्याने दोष आपोआप सापडतात असे नाही. एफसिंकविषयीचे गृहीत सर्वांसमोर असूनही दीर्घकाळ कोणाच्या लक्षात आले नव्हते. मसुदे लिहिणाऱ्यांच्या मानाने ते तपासणाऱ्यांची संख्या अपुरी पडते व उपयुक्त मसुदेही वर्षानुवर्षे प्रतीक्षेत राहतात. मुक्त पद्धतीचा खरा लाभ असा की, दोष आढळल्यावर तो लपविता येत नाही. प्रत्येक दुरुस्ती आवृत्तीसोबत काय बिघडले होते, कोणाला धोका होता व दुरुस्ती बसविल्यानंतर आणखी काय करावयाचे, हे प्रसिद्ध केले जाते.

दुरुस्ती तयार झाली तरी ती बसविण्याचे काम त्या त्या संस्थेच्या व्यवस्थापकाचे असते. ज्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत संपली आहे तिच्यात नंतर आढळलेले दोष तसेच राहतात. १३वी आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये या स्थितीस पोहोचली. म्हणून दुरुस्ती आवृत्ती वेळेवर बसविणे, तिच्यासोबतच्या सूचना वाचणे, पडताळा संख्या चालू ठेवणे आणि राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळते किंवा नाही हे अधूनमधून करून पाहणे, ही कामे दोषनिवारणाचाच अखेरचा टप्पा होत.